घरगुती गॅस: एजन्सी निवडण्यापासून टाकी दारात तपासून घेण्यापर्यंत

पहिल्यांदा बिऱ्हाड मांडणाऱ्याला भांडी, गाद्या, पडदे यांची यादी कोणीही करून देते. गॅसच्या बाबतीत मात्र ‘नंबर लावा, टाकी येईल’ एवढेच सांगितले जाते. नोकरीसाठी पुणे, नाशिक किंवा मुंबईच्या उपनगरांत नव्याने राहायला आलेली कुटुंबे, लग्नानंतर वेगळे घर केलेली जोडपी आणि खोली घेऊन राहणारे विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. गेली तीस वर्षे मी टाकीच्या गॅसवर स्वयंपाक करते आहे, आणि आमच्या सोसायटीत नवे भाडेकरू आले की त्यांना टाकी लावायला शिकवण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडेच येते. त्या अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे: टाकी दारात येते ती पाच मिनिटे या सगळ्या व्यवहारात सर्वांत मोलाची असतात. एजन्सी कोणती घ्यावी, कागद कोणते सांभाळावेत, टाकी कुठे ठेवावी हे सारे महत्त्वाचे आहेच. पण ती पाच मिनिटे घाईत घालवली तर पुढे कितीही जपून वागले तरी आपण एक न तपासलेली वस्तू घरात घेतलेली असते.

टाकीत काय असते

घरगुती टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचे मिश्रण दाबाखाली द्रवरूप करून भरलेले असते. टाकी काठोकाठ भरत नाहीत, कारण उन्हाने किंवा उष्णतेने द्रव फुगतो आणि त्याला वर मोकळी जागा लागते. हाच द्रव बाहेर पडला की त्याचा सुमारे अडीचशे पट जागा व्यापणारा वायू होतो. म्हणजे वाटीभर द्रव गळला तरी काही बादल्या भरतील एवढा गॅस स्वयंपाकघरात पसरतो. हवेत साधारण २ ते ९ टक्के या प्रमाणात तो मिसळलेला असला की एका ठिणगीने पेट घेऊ शकतो. या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे रसायन मुद्दाम मिसळतात.

नवख्या माणसाने सर्वांत आधी लक्षात ठेवावी अशी गोष्ट म्हणजे हा वायू हवेपेक्षा जड असतो. तो धुरासारखा वर न जाता फरशीलगत पसरतो, ओट्याखाली, कोपऱ्यात, मोरीत साचून राहतो. त्यामुळे वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही; जमिनीलगत हवा खेळती हवी. आपल्याकडे अनेक घरांत देवघर स्वयंपाकघरातच असते आणि समई किंवा निरांजन जमिनीवर किंवा बुटक्या चौरंगावर तेवत असते. गळालेला गॅस नेमका त्याच उंचीवर येतो. देव हलवणे शक्य नसेल तर टाकी तरी देवघरापासून शक्य तितकी दूर ठेवावी.

एजन्सी कशी निवडावी

घरगुती गॅस पुरवणाऱ्या तीन सरकारी तेल कंपन्या आहेत: इंडियन ऑइलचा इंडेन, भारत पेट्रोलियमचा भारतगॅस आणि हिंदुस्थान पेट्रोलियमचा एचपी गॅस. एकाच शहरात तिघांचा दर साधारण सारखाच असतो आणि गॅसचे मानकही तेच असते. म्हणून कंपनी कोणती यावर फार डोके शिणवू नये. आपल्या पत्त्यावर टाकी आणून देणारी एजन्सी कशी आहे, हे मात्र नीट पाहावे.

त्यासाठी शेजारपाजारच्या दोन-तीन घरांत जाऊन विचारणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. नंबर लावल्यापासून टाकी किती दिवसांनी येते? टाकी घेऊन येणाऱ्या माणसाजवळ वजनकाटा असतो का, आणि सांगितल्यावर तो कुरकुर न करता वजन करून दाखवतो का? गळतीची तक्रार केली तेव्हा मेकॅनिक त्याच दिवशी आला का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काटा कधी पाहिलाच नाही’ असे आले, तर टाकी लवकर येत असली तरी मी ती एजन्सी घेणार नाही. कंपन्यांच्या अ‍ॅपवर आणि संकेतस्थळावर वितरकांना मिळालेले तारांकनही पाहता येते. ते मुख्यतः टाकी किती वेळेत पोचते यावर आधारलेले असते, त्यामुळे शेजाऱ्यांच्या उत्तराला ते जोड म्हणून वापरावे. एजन्सी समाधानकारक नसेल तर ती बदलता येते. टाकी भरून घेताना ग्राहकानेच वितरक निवडावा या योजनेची २०२१ मध्ये पाच शहरांत चाचणी झाली, त्यांत पुण्याचा समावेश होता.

आणखी एक गोष्ट आधीच माहीत असावी. पावतीवर छापलेल्या रकमेत घरपोच सेवेचे शुल्क धरलेले असते. वरच्या मजल्यावर टाकी आणली म्हणून वेगळे पैसे मागण्याचा अधिकार कोणालाही नाही. बिनलिफ्टच्या इमारतीत जवळपास तीस किलोचे ओझे खांद्यावर घेऊन तीन जिने चढणाऱ्या माणसाला पाणी विचारावे, सणासुदीला आपल्या खुशीने काही द्यावे, हे माणुसकीचे झाले. पण ‘मजल्याचे पन्नास रुपये’ असा दर कोणी ठरवून टाकला असेल तर एजन्सीकडे तक्रार करावी, आणि तिथे दाद लागली नाही तर तिन्ही कंपन्यांसाठी असलेल्या १८००-२३३३-५५५ या निःशुल्क क्रमांकावर करावी.

किती मोठी टाकी घ्यावी

कुटुंबासाठी १४.२ किलोची टाकी हाच नेहमीचा पर्याय आहे. शक्य असेल तर दोन टाक्यांची जोडणी घ्यावी, म्हणजे एक संपली तरी दुसरी हाताशी असते. एकट्या-दुकट्या माणसाला ५ किलोची टाकी पुरते. विद्यार्थी किंवा कामानिमित्त काही महिन्यांसाठी आलेली माणसे यांच्याकडे पत्त्याचा पुरावा नसतो. अशांसाठी एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ओळखपत्र दाखवून विकत मिळणारी ५ किलोची टाकी असते. इंडेनकडे ती ‘छोटू’ या नावाने मिळते. तिचा दर घरगुती टाकीपेक्षा चढा असला तरी ती रीतसर भरलेली आणि तपासलेली असते.

हे आवर्जून सांगण्याचे कारण असे, की विद्यार्थ्यांच्या आणि मजुरांच्या वस्त्यांत मोठ्या टाकीतून नळीने लहान टाकीत गॅस भरून देणारी दुकाने आढळतात. तिथे वजन नसते, वर मोकळी जागा राहिली की नाही हे कोणी पाहत नाही, आणि ती लहान टाकीसुद्धा कधी तपासली गेली हे कोणालाच ठाऊक नसते. हा व्यवहार बेकायदा तर आहेच, शिवाय काठोकाठ भरलेली अशी टाकी उन्हात किंवा शेगडीजवळ तापली, तर आतल्या द्रवाला फुगायला जागाच उरत नाही. पैसे वाचतात म्हणून तिकडे कृपा करून जाऊ नये.

कागदपत्रे आणि अनामत

ओळखीचा पुरावा, राहत्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार चालतो), छायाचित्र आणि बँक खात्याचा तपशील घेऊन एजन्सीत अर्ज भरावा किंवा कंपनीच्या अ‍ॅपवरून करावा. एका कुटुंबाला एकच जोडणी ठेवता येते. टाकी आणि रेग्युलेटर आपल्या मालकीचे होत नाहीत. ते कंपनीचेच राहतात आणि आपण त्यांची अनामत भरतो. जून २०२२ मध्ये १४.२ किलोच्या टाकीची अनामत १,४५० रुपयांवरून २,२०० रुपये आणि रेग्युलेटरची १५० वरून २५० रुपये झाली. या अनामतीची जी पावती मिळते तिला सबस्क्रिप्शन व्हाउचर म्हणतात. ही पावती घराच्या करारनाम्याइतकीच जपून ठेवावी, कारण पुढे जोडणी परत करताना तिच्यावर लिहिलेलीच रक्कम परत मिळते. सोबत निळे ग्राहक पुस्तक मिळते.

जोडणी देताना ‘शेगडी आमच्याकडूनच घ्यावी लागेल’ असे सांगितले गेल्यास नम्रपणे पण ठामपणे नकार द्यावा. शेगडी कुठूनही घेता येते; तिच्यावर आयएसआय चिन्ह असावे एवढेच पाहावे.

मोबाइल क्रमांक आणि पत्ता अचूक नोंदवला गेला आहे ना, हे तिथेच तपासून घ्यावे. तेल कंपन्यांनी ग्राहकांसाठी अपघात विमा घेतलेला असतो आणि त्याचा हप्ता ग्राहकाला भरावा लागत नाही: मृत्यू झाल्यास प्रत्येक व्यक्तीमागे ६ लाख रुपये, औषधोपचारासाठी व्यक्तीमागे जास्तीत जास्त २ लाख, आणि नोंदणीकृत घरातील मालमत्तेच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत. ‘नोंदणीकृत घर’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. जोडणी सासरच्या गावच्या पत्त्यावर आणि टाकी पिंपरीच्या भाड्याच्या घरात, अशी स्थिती अनेकांची असते. अपघाताच्या वेळी ती फार महागात पडू शकते. अपघात झालाच तर एजन्सीला ताबडतोब लेखी कळवावे लागते.

ओट्याखालची जागा

टाकी नेहमी उभी आणि जमिनीवर, तर शेगडी तिच्या माथ्यापेक्षा वरच्या पातळीवर असावी. शेगडी जमिनीवर आणि टाकी शेजारी, अशी मांडणी कितीही सोयीची वाटली तरी करू नये. आजकाल ओट्याखाली बंद कपाटे करून त्यांत टाकी ठेवण्याची पद्धत आहे. तसे करायचे असल्यास कपाटाच्या दाराला खाली, अगदी फरशीलगत आणि वरही हवेसाठी छिद्रे पाडून घ्यावीत. सुताराला हे सांगितल्यावर तो बहुधा ‘दिसायला बरे दिसणार नाही’ म्हणेल. त्याचे ऐकू नये. तळघरात किंवा जमिनीच्या पातळीखालच्या खोलीत टाकी ठेवूच नये, कारण तिथे साचलेला गॅस बाहेर पडायला वाट नसते. फ्रिज, ओव्हन आणि विजेची बटणे टाकीपासून दूर असावीत.

नळी आयएसआय चिन्हाची, नारिंगी रंगाची आणि आत पोलादी तारेची जाळी असलेली घ्यावी. ती दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून किंवा शेगडीच्या तापलेल्या भागाखालून नेलेली नको, आणि तेलकट होते म्हणून तिच्यावर कापडाची गवसणीही घालू नये. गवसणीखाली पडलेली चीर किंवा उंदराने कुरतडलेला भाग दिसत नाही. दर पाच वर्षांनी नळी बदलावी. नळी बदललेल्या दिवसाची तारीख मी ग्राहक पुस्तकाच्या मागच्या पानावर लिहून ठेवते.

दारातली पाच मिनिटे

नंबर लावल्यानंतर पावती तयार झाली की नोंदवलेल्या मोबाइलवर एक सांकेतिक क्रमांक येतो. टाकी तपासून हातात आल्यावरच तो सांगावा. फोन करून आधीच मागणाऱ्याला सांगू नये. हा क्रमांक देणे म्हणजे टाकी मिळाल्याची सही देणे होय.

टाकी दारात उभी राहिली की प्रथम सील पाहावे. झडपेवर प्लास्टिकची सेफ्टी कॅप आणि तिच्यावर आवळून बसवलेले प्लास्टिकचे सील असते. ते फाटलेले, सैल किंवा पुन्हा चिकटवल्यासारखे दिसले तर टाकी घेऊ नये.

नंतर वजन. ‘दादा, काटा लावून दाखवा’ एवढे म्हणायला संकोच वाटू नये. टाकीच्या गळ्याजवळच्या पट्टीवर रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले किंवा रंगवलेले असते. समजा तिथे १५.७ लिहिले आहे. त्यात गॅसचे १४.२ मिळवले की २९.९ किलो होतात, आणि काट्यावर जवळपास तेवढाच आकडा यायला हवा. प्रत्येक टाकीचे रिकामे वजन वेगळे असते, त्यामुळे ‘सगळ्या टाक्या तीस किलोच्याच असतात’ या उत्तरावर समाधान मानू नये. आमच्याकडे पूर्वी येणारे एक गॅसवाले म्हणायचे, ‘काकू, सगळ्या टाक्या कंपनीतूनच भरून येतात हो!’ कंपनीतून नीटच भरून येतात. पण कंपनी आणि आपले दार यांच्या मध्ये गोदाम असते, टेम्पो असतो आणि बरेच हात असतात.

तिसरी गोष्ट म्हणजे चाचणीची तारीख. टाकीच्या वरच्या कड्याला आतून आधार देणाऱ्या तीन पट्ट्यांपैकी एकीवर इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘सी-२८’ असे असेल तर त्या टाकीची पुढची दाबचाचणी सप्टेंबर २०२८ पर्यंत व्हायला हवी. नवी टाकी दहा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासली जाते. ही तारीख उलटून गेलेली टाकी परत पाठवावी. अनेक जण तिला गॅसची ‘एक्स्पायरी डेट’ समजतात. गॅस काही शिळा होत नाही, ती मुदत पोलादी टाकीच्या तपासणीची आहे.

शेवटी सील काढून गळतीची तपासणी. टाकी आणणाऱ्या माणसानेच ती करून दाखवायची असते. कॅप काढल्यावर झडपेच्या तोंडात डोकावून पाहिले की आत रबराची काळी गोल चकती दिसते. तिला आपण वॉशर म्हणतो. ती जागेवर, अखंड असायला हवी.

या वॉशरविषयी मी इतके का लिहिते आहे, ते सांगते. काही वर्षांपूर्वी गौरींच्या आधी घरात पाहुण्यांची गडबड होती. टाकी आली तेव्हा माझे हात पिठात होते. ‘ठेवा कोपऱ्यात’ म्हणून मी सही केली आणि सील तसेच राहिले. गौरी जेवणाच्या दिवशी, पुरण चढवलेले असताना चालू टाकी संपली. नवी ओढली, कॅप काढली, रेग्युलेटर बसवला आणि बटण फिरवताच सापाच्या फुत्कारासारखा आवाज येऊ लागला. दोन श्वासांत वास पसरला. पलीकडच्या खोलीत गौरींपुढे दोन समया तेवत होत्या. मी बटण बंद केले, रेग्युलेटर काढला आणि कॅप घट्ट दाबून बसवली, तेव्हा आवाज थांबला. माझ्या जाऊबाईंनी समया शांत केल्या, मुलांना जिन्यात नेले आणि दारे-खिडक्या उघडल्या. एजन्सीला फोन केला; सणाचा दिवस असल्याने माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याने झडपेत बोट फिरवून दाखवले: वॉशर नव्हताच. चार दिवस ती टाकी माझ्या स्वयंपाकघरात उभी होती, आणि दारात अर्धे मिनिट डोकावले असते तर ती घरात आलीच नसती. दुसरी टाकी राखीव म्हणून ठेवायची असली तरी ती आल्याबरोबर सील काढून तपासून घ्यावी आणि मगच पुन्हा कॅप लावून ठेवावी, हा नियम मी त्या दिवसापासून पाळते.

टाकी लावणे

आधी घरातली प्रत्येक ज्योत विझवावी: शेगडी, समई, उदबत्ती, शेजारच्या खोलीतली मच्छर अगरबत्तीसुद्धा. या वेळात विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये. रेग्युलेटरचे बटण बंद स्थितीत आहे ना, ते पाहावे. मग त्याच्या खालची काळी कडी वर उचलून धरावी, रेग्युलेटर झडपेवर सरळ उभा टेकवावा, किंचित फिरवत खाली दाबावा आणि कडी सोडावी. हलकेच उचलून पाहिल्यावर तो निघून आला नाही म्हणजे नीट बसला.

त्यानंतर बटण चालू करून साबणाचे पाणी रेग्युलेटरच्या बुडाशी आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावावे. बारीक बुडबुडे येऊ लागले तर तिथे गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारी माणसे मी पाहिली आहेत; तसे कधीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नये.

कॅप दोरीने टाकीलाच बांधलेली असते. दोरी तोडून कॅप डब्यात टाकू नये. गळती झाली तर ती तत्काळ हाताशी लागते.

रोजचा वापर

लायटर किंवा काडी आधी पेटवावी आणि मग शेगडीचे बटण फिरवावे. दुधावर, भातावर लक्ष ठेवावे, कारण उतू गेलेल्या पाण्याने ज्योत विझते आणि गॅस मात्र येत राहतो. रात्री निजताना आणि बाहेर जाताना फक्त शेगडीची बटणे बंद करून भागत नाही, रेग्युलेटरही बंद करावा. ज्योत निळी असावी. ती पिवळी होऊन भांड्यांची बुडे काळी पडू लागली की बर्नर साफ करायला झाला, असे समजावे.

टाकी संपत आली की ती आडवी करून किंवा उलटी धरून उरलासुरला गॅस वापरण्याची सवय अनेक घरांत आहे. टाकी उभी असते तेव्हा वरचा वायू रेग्युलेटरमध्ये जातो; आडवी केली की द्रवच नळीत शिरतो, आणि रेग्युलेटर व शेगडी द्रवासाठी बनवलेली नसतात. क्षणात ज्योत हातभर उसळू शकते. थंडीत नाशिक-महाबळेश्वरकडे गॅस मंद येतो तेव्हा टाकी गरम पाण्याच्या परातीत ठेवतात, तेही तितकेच घातक. मंद येण्याचे कारण साधे आहे: प्रोपेन उणे ४२ अंशांनाही उकळतो, पण ब्युटेनला त्यासाठी जवळपास शून्य अंश लागतात, त्यामुळे गारठ्यात त्याची वाफ सावकाश होते. अशा वेळी एकाच वेळी एकच बर्नर वापरावा. टाकीत गॅस किती उरला हे पाहायचे असेल तर ओले फडके टाकीवरून वरपासून खालपर्यंत फिरवावे. वरचा रिकामा भाग लवकर सुकतो आणि जिथपर्यंत द्रव आहे तो भाग ओलसर राहतो.

कंपनीकडून ठरावीक काळाने जोडणीची सुरक्षा तपासणी होते. तपासणीसाठी आलेल्या माणसाचे ओळखपत्र पाहावे आणि शंका आल्यास एजन्सीला फोन करून खात्री करावी. ‘कंपनीकडून आलो आहोत’ असे सांगून महागड्या नळ्या आणि गॅस वाचवणारी उपकरणे गळ्यात मारणारे लोक दुपारच्या वेळी, घरात एकटी ज्येष्ठ माणसे असताना फिरतात.

न्हाणीघरातला गॅस गिझर

गॅस गिझर असलेल्या घरांनी हा भाग दोनदा वाचावा. बंद न्हाणीघरात गिझर पेटला की तिथला प्राणवायू कमी होत जातो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो विषारी असतो आणि त्याला वास नसतो. गॅसला दिलेला उग्र वास ज्वलनात संपून गेलेला असतो, त्यामुळे नाकाला कसलाही इशारा मिळत नाही. माणसाला गुंगी येते, पायांतले बळ जाते आणि दार उघडण्याइतकेही भान उरत नाही. गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेच्या जागी बसवावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप न्यावा. भाड्याच्या घरात तो आतच बसवलेला असेल आणि मालक हलवायला तयार नसेल, तर निदान दार उघडे ठेवून बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच स्नानाला जावे. थंडीत खिडकीच्या काचा कागदाने बंद करण्याचा मोह होतो. तो या घरांत टाळलाच पाहिजे.

गॅसचा वास आला तर

प्रथम रेग्युलेटर बंद करावा, सर्व ज्योती विझवाव्यात, दारे-खिडक्या सताड उघडाव्यात. दिवा किंवा पंखा चालू करू नये, आणि चालू असलेला बंदही करू नये. बटणातली ठिणगी दोन्ही वेळा पडते. एक्झॉस्ट पंख्याने गॅस बाहेर काढावा असे सहज मनात येते, तेही करू नये. रेग्युलेटर बंद करूनही गळती थांबत नसेल तर तो काढून कॅप बसवावी. मुलांना आणि वृद्धांना आधी बाहेर न्यावे, आणि फोन घराबाहेर, जिन्याखाली किंवा अंगणात जाऊन करावा. गॅसगळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आग लागली असेल तर टाकीजवळ धाडस करत बसू नये. बाहेर पडून १०१ किंवा ११२ ला कळवावे. हे क्रमांक मोबाइलमध्ये तर असावेतच, शिवाय स्वयंपाकघराच्या दारावर, बाहेरच्या बाजूने लिहून लावावेत.

ज्यांच्या इमारतीत महानगर गॅस किंवा महाराष्ट्र नॅचरल गॅसची पाइपलाइन आहे, त्यांच्याकडे येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका असतो आणि छताकडे जातो, म्हणून तिथे वरचे झरोके उघडे हवेत. टाकीवरची शेगडी पाइपच्या गॅसला तशीच जोडता येत नाही. तिचे जेट तंत्रज्ञाकडून बदलून घ्यावे लागतात.

घर बदलताना

त्याच शहरात दुसऱ्या भागात जायचे असेल तर टाकी सहसा परत करावी लागत नाही. एजन्सीकडून बदलीची नोंद करून घेऊन नव्या भागातल्या एजन्सीत ती दाखवावी. दुसऱ्या गावी जाताना टाकी आणि रेग्युलेटर जमा करून अनामत परत घ्यावी आणि मिळालेल्या व्हाउचरवर नव्या गावी पुन्हा जोडणी घ्यावी. तिथे अनामत त्या वेळच्या दराने भरावी लागते. टाकी शेजाऱ्याला वापरायला देऊन किंवा सामानाच्या ट्रकमध्ये घालून जाऊ नये. जमा करताना टाकी रिकामी असली तरी तिच्या तोंडावर कॅप बसवूनच द्यावी, कारण संपलेल्या टाकीतही थोडा गॅस उरलेलाच असतो.